नववीचं हस्तलिखित

थंडी पडायला लागली की माझ्याकडे गोष्टींचे गठ्ठे येतात. मी ते मागवलेले नसतात. ताथवड्याला सोसायट्या झाल्या, सोसायट्यांच्या मागोमाग शाळा झाल्या, आणि त्यातल्या एका शाळेला कुणीतरी सांगितलं की इथे एक म्हातारी मराठीची बाई राहते, तिच्याकडे वेळच वेळ असतो. तेव्हापासून दर डिसेंबरात एक गोड बोलणारी शिक्षिका येते, "मॅडम, फक्त पन्नासच आहेत," म्हणते, आणि कथास्पर्धेचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून चहासुद्धा न घेता पळते. तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही पळाले असते.

यंदाच्या पन्नासांपैकी एकतीस गोष्टींत शेवटी आई हाक मारते आणि मुलाला जाग येते. म्हणजे आधीची चार पानं सगळं स्वप्न. राक्षस स्वप्न, परग्रह स्वप्न, बक्षीस मिळालं तेही स्वप्न. अरे, मग आम्ही चार पानं वाचली कशाला? तुला जाग येण्याची वाट बघायला? एकतिसावी आई हाक मारायला आली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली गारठा होता, वॉचमन शेकोटी करून बसला होता, आणि मला चिंचवडच्या शाळेतले हस्तलिखिताचे दिवस आठवले. आठवले म्हणजे प्रेमाने आठवले असं कुणी समजू नये. त्या दिवसांनी माझा जीव नुसता मेटाकुटीला आणला होता.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून लोकलने चिंचवड स्टेशनला उतरायचे आणि तिथून गावठाणातल्या शाळेपर्यंत चालत जायचे. दोन्ही बाजूंना शेतं. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं सुरू झाली होती, त्यामुळे रस्त्याने खडीचे ट्रक जायचे आणि माझं पांढरं पातळ शाळेत पोचेपर्यंत तांबडं व्हायचं. नदीवर धुकं असायचं. मुलं येताना हरभऱ्याचे डहाळे खात यायची, दप्तरातही कोंबायची, आणि त्या पाल्याची आंब लागून वह्यांवरची शाई फुटायची. शुद्धलेखन तपासायला घेतलं की पानाला आंबूस वास यायचा. तो वास मला अजूनही हिवाळ्यात मधूनच येतो, आणि आला की पहिल्यांदा रागच येतो.

शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत असे. त्याआधी वर्गावर्गाने हस्तलिखित काढायचं, असा हेडमास्तरांचा नियम. जाड कागद, टाक, दौत, कडेने वेलबुट्टी, वर रेशमी फीत. ज्याचं अक्षर वळणदार त्याने सगळ्यांचं लिखाण उतरवून काढायचं, आणि संमेलनाच्या दिवशी ते टेबलावर मांडायचं. गावची मंडळी येऊन बघत. आमच्या नववीचं अक्षर म्हणजे ज्ञानोबा. हा मुलगा मोत्यासारखं लिहायचा आणि काय लिहितोय याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नसायचं.

मी तरुण होते, नवीन होते, आणि माझ्या डोक्यात एक खूळ होतं. या मुलांना निबंध नाही, गोष्ट लिहायला शिकवायची. खरीखुरी गोष्ट. त्यासाठी तीन गोष्टी शिकवायच्या ठरवल्या. गोष्ट आतून कशाबद्दल आहे ते, ती कुठल्या भाषेत सांगायची ते, आणि ती कुणाच्या डोळ्यांनी बघायची ते. फळ्यावर मी आशय, शैली, दृष्टिकोन असे तीन शब्द लिहिले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, खाली पट्टीने दोन रेघा मारल्या, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

पहिल्या खेपेला सत्तावीस गोष्टी आल्या. सत्तावीसच्या सत्तावीस गोष्टींखाली तात्पर्य होतं. एका मुलाच्या गोष्टीत माणूस विहिरीत पडून मरतो एवढंच होतं, त्याखाली लिहिलं होतं, तात्पर्य, विहिरीत पडू नये. मी कपाळाला हात लावला. विचारलं, "बाळ, ही गोष्ट कशाबद्दल आहे?"

"विहिरीबद्दल, बाई."

"विहीर कुठे आहे ते कळलं मला. आतून कशाबद्दल आहे?"

त्याने जरा विचार केला. "आतून पान्याबद्दल," तो म्हणाला. वर्ग हसला नाही. सगळ्यांना ते उत्तर बरोबर वाटलं होतं.

भाषेचं तर विचारूच नका. मधल्या सुट्टीत हीच पोरं पिंपळाखाली बसून बैल कसा उधळला ते सांगायची तेव्हा मी स्टाफरूमच्या खिडकीत उभी राहून ऐकायचे. काय सांगणं ते. बैलाचं वशिंड, जोखडाच्या तुटलेल्या दोरीचं टोक, मागे धावणाऱ्या बापाचं सुटलेलं धोतर, सगळं डोळ्यांपुढे. तीच गोष्ट वहीत आली की, 'तो उन्मत्त वृषभ चौखूर उधळता झाला.' मी विचारलं, "तू घरी बैलाला वृषभ म्हणतोस का रे?"

"न्हाई बाई. पन ही शाळा हाय."

मी त्यांना पंधरा दिवस ओरडून सांगत होते, तुम्ही बोलता तसं लिहा. आणि पंधरा दिवस ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की बाई परीक्षा घेतायत, फसायचं नाही.

दृष्टिकोनाशी पोचेपर्यंत माझा घसा बसला होता. त्यातल्या त्यात हा प्रकार त्यांना सोपा जाईल असं मला वाटलं, कारण आत्मवृत्त त्यांना तोंडपाठ होतं. फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, जुन्या पुस्तकाचं आत्मवृत्त, पडक्या देवळाचं आत्मवृत्त. मराठी शाळेतलं मूल दुसऱ्याच्या तोंडून बोलायला पाचवीपासून शिकलेलं असतं. ज्ञानोबाने छत्रीचंच लिहिलं होतं. मी म्हटलं, छत्रीच्या आत शिरता येतं तर माणसाच्या आत शिरा की. आणि मग मी जे बोलले ते मला अजून शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हटलं, "घरातलं असं माणूस घ्या, जे कधीच बोलत नाही. त्याच्या डोळ्यांनी लिहा."

सव्वीस मुलांनी घरचा बैल घेतला. मी हात टेकले. बैल बोलत नाही हे त्यांचं म्हणणं मला खोडताही येईना. पण सत्ताविसावी वही हौसाची होती.

नववीत चारच मुली होत्या. हौसा पुनावळ्याहून गावच्या मुलांबरोबर चालत यायची, नदी ओलांडून. तिचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, मोठे शेतकरी. मुलीला इतकं शिकवायचं त्यांच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पण त्या वर्षांत सगळीकडे जमिनी मोजायला मोजणीदार हिंडत होते, साखळ्या टाकत होते, रोज नवीन कागद आणि रोज नवीन अंगठे. तात्यांनी ठरवलं की घरात एकाला तरी कागद नीट वाचता आला पाहिजे. थोरला मुलगा शाळेतून पळून गेला होता, म्हणून हौसा. तिची सोयरीक मुळशीकडे ठरलेली होती, पण मॅट्रिक, म्हणजे तेव्हाची अकरावी, झाल्यावर लग्न, असं तात्यांनी पाहुण्यांना कबूल करायला लावलं होतं. हौसा मला एकदा म्हणाली होती, "बाई, अकरावी झाली की मी नर्सिंगला जानार. लगीन झालं तरी जानार." तिला शाळा म्हणजे जीव की प्राण होती.

तिने लिहिलं होतं तिच्या आत्याबद्दल. सरूआत्या. ही बाई वीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून परत आलेली, भावाच्या घरात राबणारी, आणि कुणाशी न बोलणारी. हौसाने तिच्या तोंडून लिहिलं होतं, तिच्याच भाषेत:

'मी परत आले तवा कुनी मला का म्हनून इचारलं न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं. भाकरी थापायच्या व्हत्या म्हनून चुलीपुढं बसले, ती बसलेच. आता मला कुनी नांदायला जा म्हनत न्हाई. म्हनलं तरी मी जानार न्हाई. पर ह्ये सांगाया बी आदी कुनीतरी इचाराया लागतंय.'

दोन पानं होती. वृषभ नव्हता, तात्पर्य नव्हतं. मी मधल्या सुट्टीत वाचली आणि डबा उघडायचा विसरले. पंधरा दिवसांचा वैताग एका वहीत फिटला असं मला वाटलं. इतका आनंद मला पुढे क्वचितच झाला असेल. मी हौसाला जवळ बोलावून विचारलं, "आत्याने सांगितलं का हे तुला?"

"न्हाई बाई. ती कुठं बोलती? मी तिच्याकडं बघत बसले, मग रचलं."

मी ती गोष्ट हस्तलिखितात पहिली घातली. एक शब्द बदलला नाही. हेडमास्तर म्हणाले, भाषा जरा ग्रामीण आहे. मी त्यांच्याशी भांडले. आता वाटतं, तेव्हा हरले असते तर बरं झालं असतं.

संमेलन दुपारचं होतं. पटांगणात मांडव, सतरंज्या, आणि कडेच्या टेबलावर हस्तलिखितं. गावची मंडळी टेबलाभोवती जमायची, पण बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही, म्हणून वर्गातलं एखादं मूल मोठ्याने वाचून दाखवायचं. ही तिथली रीतच होती. आमच्या वर्गाकडून ज्ञानोबा उभा राहिला. आधी त्याने स्वतःची छत्री वाचली. 'मी एक फाटकी छत्री बोलत आहे.' मंडळी खूश झाली. मग त्याने पान मागे उलटलं आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "लेखिका, कुमारी हौसा, इयत्ता नववी. आता मला कुनी नांदायला जा म्हनत न्हाई. म्हनलं तरी मी जानार न्हाई." सुरुवातीपासून वाचायचंही त्या गाढवाला सुचलं नाही. दुसरं पान उघडलं, खालचं नाव वाचलं आणि तिथूनच वाचत सुटला.

टेबलाभोवती मुळशीचे दोन पाहुणे उभे होते. तात्यांनीच मोठ्या कौतुकाने आणले होते, आमच्या पोरीचं लिखाण बघा म्हणून.

दुसऱ्या दिवशी हौसा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी तात्या आले. फेटा, हातात काठी, आवाज शांत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, पाव्हनं म्हनत्यात, पोरीनं लिहून दिलंय."

"काय लिहून दिलंय?"

"नांदनार न्हाई म्हनून. कागद हाय, खाली नाव हाय, इयत्ता बी हाय. चारचौघात वाचून झालं. आता आमी काय त्वांडानं बोलायचं? शाळा बंद केली तिची. येत्या चैतात उरकून टाकतो, पाव्हनं हां म्हनलं तर."

मी समजवायला बसले. तासभर समजवलं. सांगितलं, ही गोष्ट आहे. गोष्टीत बोलणारं माणूस वेगळं, लिहिणारं माणूस वेगळं. हेच मी वर्गात शिकवते, हा दृष्टिकोन आहे. तात्या सगळं ऐकत होते आणि मान हलवत होते. मला वाटलं, कळतंय. शेवटी मी म्हटलं, "तात्या, त्या मुलाने छत्रीचं लिहिलं. मग तो काय छत्री झाला का?"

"छत्री बोलती का बाई? न्हाई. म्हंजे त्ये खोटं. बाईमानूस बोलतंय. म्हंजे त्ये खरं."

अहो, मला मराठीत पहिला वर्ग होता. पुण्यातल्या भल्याभल्या प्राध्यापकांशी मी वाद घातलेले होते. आणि या माणसाने दोन वाक्यांत माझा दृष्टिकोन निकालात काढला. इतका संताप आला, तात्यांचा, पाहुण्यांचा, ज्ञानोबाचा, आणि सगळ्यात जास्त माझा. वर्षभर ज्या लोकांच्या दारात कागद घेऊन माणसं येत होती, ज्यांनी एका अंगठ्याने बांध गेलेले बघितले होते, त्यांच्यासाठी कागदावर खाली नाव घालून लिहिलेलं म्हणजे लिहून दिलेलंच होतं. हे मला त्यांच्यात रोज वावरून कळायला हवं होतं. मी फळ्यावर शब्द लिहीत बसले होते.

आज पुनावळ्याच्या बाजूने जाताना मला काही ओळखू येत नाही. हायवे, इमारती, इमारतींना इंग्रजी नावं. त्या दिवसांतली कुठली वाट कुठे होती ते दाखवा म्हटलं तर मी दाखवू शकणार नाही. पण हेडमास्तरांच्या खोलीतली चार खुर्च्यांची रचना मी डोळे मिटून सांगेन.

आठवड्याने तात्या परत आले. बरोबर मुळशीचे दोघे पाहुणे आणि पदर डोक्यावरून घेतलेली एक बाई. हौसा दाराशी उभी, मान खाली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं होतं. सरूआत्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खुर्चीवर बसा म्हटलं तर ती भिंतीशी जमिनीवर बसली. मग कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागली. तात्या दचकले, कारण भावानेही तिचा इतका आवाज वर्षानुवर्षं ऐकला नव्हता.

"त्या कागदात पोर बोलत न्हाई. मी बोलते. मीच सांगितलं तिला, मला लिहून दे म्हनून. तलाठी लिहून घेतो तसं तिनं लिहून घेतलं. थोरल्या मानसानं सांगितलं, पोरीनं ऐकलं. तिचा काय गुन्हा?"

मग पाहुण्यांपैकी थोरल्याने मान डोलावली. हे त्याला कळण्यासारखं होतं. पोरीने स्वतःच्या मनाने काही लिहिलेलं नाही, वडीलधाऱ्याने सांगितलं ते उतरवलं, म्हणजे पोरगी ऐकणारी आहे. तात्यांचे खांदे खाली आले. सरूआत्याकडे मात्र कुणी बघेना. पाहुण्यांसमोर तिने स्वतःबद्दल जे कबूल केलं होतं ते तिला त्या घरात पुढे किती वर्षं ऐकावं लागलं असेल, देव जाणे.

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "असंच झालं ना, बाई? मुलीने नुसतं लिहून घेतलं?"

मला ठाऊक होतं कसं झालं ते. हौसाने माझ्यासमोर सांगितलं होतं. ती दाराशी उभी होती आणि तिने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी "नाही" म्हटलं तर शाळा बंद. मी "हो" म्हटलं तर गोष्ट तिची नाही.

"हो," मी म्हटलं.

सगळी उठली. बाहेर पडताना सरूआत्या माझ्याजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, मी तिला कदी काय बी सांगितलं न्हाई. मनातलं मनात व्हतं. तिला कसं कळलं वो?" इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एखाद्या गोष्टीचं याहून मोठं कौतुक माझ्या कानावर आलं नाही. ते ज्या मुलीचं होतं तिला मी ते कधी सांगितलं नाही. आधी पाहुणे होते म्हणून नाही, नंतर तोंड नव्हतं म्हणून नाही.

हौसा शाळेत परत आली. मॅट्रिक झाली, लग्न झालं, आणि म्हणाली होती तशी नर्सिंगलाही गेली. चांगली नर्स झाली असं मी पुष्कळांकडून ऐकलं. कुणी विचारलं तर मी म्हणते, मुलीचं भलं झालं. खोटं नाही ते. पण नववीनंतर तिने एकही गोष्ट लिहिली नाही. दहावीत मी विषय दिला की ती निबंध लिहायची, नीटनेटका, कुठेही बोट ठेवायला जागा नाही असा. त्यात ती कुठेच नसायची. मला वही फाडून टाकावीशी वाटायची आणि मी दहापैकी आठ गुण द्यायचे.

पण त्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं. पाहुणे गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, तोंडी झालं ते झालं, हस्तलिखितातही दुरुस्ती हवी, कागद राहतो. ज्ञानोबा घरी गेला होता. मग मीच टाक घेतला. 'लेखिका, कुमारी हौसा' यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, 'सांगणार, सरूआत्या. लिहून घेणार, कुमारी हौसा, इयत्ता नववी.' शाई वाळायला पान उघडं ठेवलं. हौसा संमेलनाच्या दिवसापासून राहिलेलं दप्तर घ्यायला वर्गात आली. टेबलाशी थांबली, ओळ वाचली. मी तिला काहीतरी समजावून सांगणार होते, शब्द जुळवत होते. तिने पट्टीचा सुटलेला कोपरा बोटाने दाबून नीट बसवला.

"अक्षर लई चांगलं हाय बाई तुमचं," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून गेली.